पहाटे चारला उठणारी आजी आणि भिंतीवरचं वेळापत्रक

पत्राचा सारांश: मालवणजवळच्या एका बंदराच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव गाळलं आहे. रुग्णसेवेचा छोटा कोर्स करून त्या एका घरी राहून ७९ वर्षांच्या आजींची देखभाल करतात. आजींनी जन्मभर बंदरावरच्या लिलावातून मासळी घेऊन बाजारात विकली. आता त्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं आहे. मुलगे मुंबईत. थोरल्याने माजघरात, आजींच्या खाटेसमोर, कॅमेरा बसवला आहे आणि भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं आहे: सातला आंघोळ, आठला न्याहारी, संध्याकाळी साडेसातला जेवण, आठला झोप. आजी पहाटे चारला उठतात, "माका बंदरार जावचा आसा, लिलाव चुकतलो" म्हणत दाराकडे जातात. सातच्या आंघोळीला आरडाओरडा करतात, एकदा तांब्या फेकून मारला. "आज बंदर बंद आसा, बंदी लागली," असं ताईंनी डिसेंबरात सांगून पाहिलं, तर आजी म्हणाल्या, "थंडीत खंयची बंदी गो?" ताई लिहितात: "मी त्यांचा मान राखते, कधी उलटून बोलत नाही, सख्ख्या आजीसारखं करते. पण त्या आता लहान मुलासारख्या झाल्यात, अजिबात सहकार्य करत नाहीत. त्यांना वळण कसं लावू? खोटं बोलणं चूक आहे का? मुलगा म्हणतो दाराला बाहेरून कडी लाव, नाहीतर ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून दे. काय करू?"

ताई,

तुम्ही बंदीचा किस्सा हसण्यावारी लिहिला आहे, पण सगळ्या पत्रात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. काल दुपारी काय जेवल्या हे आजींना आठवत नसेल. पण मासेमारीची बंदी पावसाळ्यात असते आणि थंडीत होड्या समुद्रात असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. या आजारात बहुधा असंच होतं. ताज्या आठवणी आधी जातात. हाताला बसलेला धंदा, मोसमांचं गणित, भाव करायची लकब हे पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. तुम्ही त्यांना फसवायला गेलात आणि त्यांनी तुम्हाला धंद्यातल्या जाणकाराच्या ठसक्यात गप्प केलं. लहान मुलाला हे जमलं नसतं.

म्हणून "लहान मुलासारख्या झाल्यात" हे वाक्य मला आधी बाजूला ठेवावंसं वाटतं. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण मायेनेच म्हणतो. पण लहान मुलाने अजून काही चालवलेलं नसतं. या बाईने टोपलीच्या जोरावर घर चालवलं, बहुधा त्याच पैशांवर त्या दोन मुलग्यांना शिकवून मुंबईला धाडलं. अशा माणसाला दटावलं, चुचकारलं, "आता आपण आंघोळ करूया हं" म्हटलं, की राग येणारच. तो राग आला की आपण त्याला असहकार म्हणतो.

तुम्ही लिहिता, मी मान राखते. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान राखण्यात कसूर होत नाही. पहिलं ताट त्यांचं, सणाला पहिला नमस्कार त्यांना. फक्त एक गोष्ट करायची राहून जाते, ती म्हणजे त्यांना विचारणं. सातची आंघोळ कोणी ठरवली? आठची झोप कोणी? मला वाटतं मुंबईत सात-बाराची लोकल पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या सवयीने ते वेळापत्रक लिहिलं, तुम्ही ते निगुतीने पाळलंत, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला दोघांनीही विचारलं नाही. तुमच्या पत्रातही नाही. मुलगा काय म्हणतो, कॅमेऱ्यात काय दिसतं, शेजारी काय बोलतात हे आहे. आजींचे स्वतःचे शब्द दोनच वाक्यांचे, आणि तीही तुम्ही एक तक्रार म्हणून, एक किस्सा म्हणून लिहिली आहेत.

आता आंघोळ. मासे विकणारी बाई सकाळी सातला आंघोळ कशाला करील? तिचा दिवस आठवा. पहाटे लिलाव, मग बाजार, उन्हं चढेपर्यंत विक्री, दुपारी घर. अंगाला, लुगड्याला मासळीचा वास. मग न्हाणीत चुलीवर तापवलेलं पाणी. तुमच्या आजींचंही असंच होतं का, हे मी इथून सांगू शकत नाही, पण त्यांच्याबरोबर बाजारात बसणारी एखादी म्हातारी गावात असेलच, तिला विचारा. उत्तर "दुपारी" असं आलं, तर आंघोळ दुपारी करून बघा. या आजारात आंघोळीची धास्ती फार जणांना असते. थंडी वाजते, ओल्या लादीवर पाय घसरेल असं वाटतं, आणि समोर उभी असलेली बाई आपले कपडे का काढते आहे हे त्या क्षणी कळत नाही. त्या तांब्याफेकीत मला मारकुटेपणापेक्षा लाज जास्त दिसते. पाणी एकदम डोक्यावर ओतू नका, पायांपासून सुरुवात करा. अंगावर जुनं लुगडं किंवा पंचा असू द्या आणि तो न काढता खालून धुवा. तांब्या त्यांच्याच हातात द्या. केस त्याच दिवशी धुवायलाच हवेत असं नाही, आणि रोज आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही. एक दिवस गरम पाण्यात फडकं पिळून अंग पुसलं तर काही बिघडत नाही. रोज सकाळी न्हाणीत शिरण्याआधी आपलं नावही सांगा. तुमच्यासाठी त्या वर्षभराच्या ओळखीच्या असतील, त्यांच्यासाठी तुम्ही काही सकाळी पहिल्यांदाच आलेल्या असता.

पहाटे चारचं कोडं तर मला कोडं वाटतच नाही. आठला झोपवलेलं माणूस चारला उठलं, म्हणजे आठ तास झोप झाली. याला निद्रानाश म्हणत नाहीत. त्यातून साडेसातच्या जेवणानंतर न्याहारी आठला, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या घेणारी बाई बारा तासांहून जास्त वेळ पोटात काही न घेता. पहाटे घाम, थरथर, नेहमीपेक्षा जास्त गोंधळ दिसला, तर आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि त्यांना नीट गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. गिळता येत नसेल, गुंगी असेल, तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. साखर बरी असेल तर चहा आणि भाकरीचा तुकडा किंवा वाटीभर पेज. जन्मभर चारला उठून चहा घेणाऱ्या बाईला चारला चहा हवा असतो, इतकं ते साधं असू शकतं. रात्रीचं जेवण आणि झोप तासभर पुढे ढकला. दुपारी जास्त वेळ झोपू देऊ नका, सकाळच्या उन्हात खळ्यात (अंगणात) बसवा. लघवीला जळजळ, बद्धकोष्ठ, गुडघेदुखी, कमी ऐकू येणं यांकडेही बघा. त्रास सांगायला शब्द सुचले नाहीत की माणूस येरझाऱ्या घालतं. आणि दोन-चार दिवसांत एकाएकी भ्रम वाढला, तर "आजार वाढला" म्हणून सोडू नका. वृद्धांमध्ये लघवीच्या संसर्गाने, पाणी कमी पडल्याने असं होतं आणि ते बरं होऊ शकतं.

खोटं बोलण्याबद्दल तुम्ही विचारलंत. ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेताना, भल्या हेतूने वागणाऱ्यांकडूनही त्या माणसाचं माणूसपण कसं झिजत जातं, याची त्यांनी यादीच केली होती. फसवून काम करून घेणं त्या यादीत आहे. लहान मुलासारखं वागवणं, त्यांना झेपणार नाही इतक्या घाईने बोलणं आणि करणं, त्यांच्यादेखत त्या तिथे नाहीतच असं समजून बोलणं, हेही आहे. हे सगळं दुष्टपणाने घडतं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणसं दमलेली असतात आणि आजूबाजूला सगळे तसंच करतात.

पण खोटं नको म्हणजे "आजी, तुम्ही आता म्हाताऱ्या, बाजार सुटून किती वर्षं झाली" असं तोंडावर सांगायचं, असंही नव्हे. ते खरं असलं तरी त्यांना ते दर पहाटे नव्याने ऐकावं लागेल. तुमच्यापुढे खोटं की खरं एवढे दोनच रस्ते आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. तिसरा रस्ता म्हणजे त्यांच्या वाक्यातलं काम उचलायचं. "आज काय गावतला, आज्ये? पेडवे की बांगडे?" "भाव काय असात?" "टोपली खंय ठेवलास?" यात तुम्ही कुठलाही शब्द खोटा बोलत नाही. त्या बोलू लागतात, चहा होतो, उजाडतं. लिलाव चुकायची धास्ती ऐकून घेणारं कोणी भेटलं की पुष्कळदा दाराचा हट्ट सुटतो. रोज सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. एखाद्या पहाटे अगदी अडलं आणि तुमच्या तोंडून थाप गेली, तर ते पाप म्हणून उराशी धरू नका. फक्त थापेवर रोजचा दिवस चालवू नका. विश्वास उडाला की पुढे तुमच्या हातचं औषधही त्या घेणार नाहीत.

आणि बंदरावर त्यांना न्यायला काय हरकत आहे, हे मला पत्रातून कळलं नाही. पहाटेच्या अंधारात नाही, पण उजेडात, हाताला धरून, घट्ट चपला घालून, गर्दीपासून जरा लांब, आठवड्यातून एक-दोनदा. दोन मासे त्यांना निवडू द्या, पैसे त्यांच्या हातून द्या. ओळखीचं कोणी ना कोणी हाक मारीलच. ते हाक मारणं औषधाच्या दुकानात मिळत नाही.

कडीबद्दल माझं मत सरळ आहे: बाहेरून कडी लावून त्यांना एकटं ठेवू नका. आग लागली, त्या पडल्या, तर आत कोणी नाही. रात्री तुम्ही घरात असताना दार आतून लावणं वेगळं; किल्ली तुमच्या हाताशी ठेवा, कडीला घुंगरू बांधा म्हणजे तुम्हाला जाग येईल. न्हाणीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवा. त्यांच्या कमरेच्या पिशवीत नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, आणि शेजारी, नाक्यावरचे रिक्षावाले, बंदरावरची माणसं यांना सांगून ठेवा. छोट्या गावाचा हा फायदा मुंबईच्या मुलाला कदाचित आठवत नसेल.

मेडिकलवाल्याच्या सल्ल्याची गोळी तर नकोच. झोपेच्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, भ्रम वाढतो. मानसोपचारातल्या काही शांत करणाऱ्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. कधीकधी अशी औषधं लागतातही, पण ती डॉक्टरांनी तपासून, थोड्या मात्रेत, थोडे दिवस द्यायची. गोळी आधीच सुरू झाली असेल तर मनाने एकदम बंदही करू नका. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. जाणं जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जाताना आठवडाभराची वही न्या: किती वाजता उठल्या, त्याआधी काय खाल्लं होतं, कशाने चिडल्या, कशाने निवळल्या.

आता मुलाकडे वळते. पगार तो देतो, त्यामुळे मालक तोच, असं तुमच्या पत्रात गृहीत आहे. पगाराचा मालक तो खरा. पण आजींच्या अंगाला कोणी, कधी, कसा हात लावायचा, हे आजींचं आहे. आपल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, २०१७ च्या, एक कलम आहे: एखाद्याने घेतलेला उपचाराचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही. कायदा उपचारांबद्दल बोलतो, आंघोळीच्या वेळेबद्दल नाही, हे मला ठाऊक आहे. पण रुग्णालयातल्या मोठ्या निर्णयात जी मुभा आहे ती घरच्या चहा-आंघोळीत नसावी, हे काही पटत नाही.

कॅमेऱ्याचं मला सर्वांत खटकलं. माजघरात, खाटेसमोर, जिथे त्यांची कापडं बदलली जातात तिथे. शंभर कोसांवरच्या मुलाची काळजी मी समजू शकते. परक्या बाईच्या हवाली आई केली आहे, त्याला झोप लागत नसेल. तरी तो कॅमेरा पडवीकडे किंवा दाराकडे वळवा असं त्याला सांगा, आणि कॅमेरा आहे हे आजींनाही सांगा. त्यांना लक्षात राहणार नाही म्हणून सांगायचं नाही, असं होत नाही.

हे त्याला सांगायचं कसं? भांडून नको. माझा अंदाज असा की तुमचे फोन "आज काय त्रास दिला" यावरच सुरू होतात आणि संपतात. त्याऐवजी त्याला प्रश्न विचारा. आई आंघोळ कधी करायची? बाजारात तिच्या शेजारी कोण बसायचं? कुठल्या कानाने बरं ऐकू येतं? दशावताराला जायची का? तपासनीस झालेल्या मुलाला पुन्हा मुलगा व्हायला अशा प्रश्नांनी वाव मिळतो. त्याची उत्तरं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: हाक कुठल्या नावाने मारलेली आवडते, काय खातात, कशाला घाबरतात, दुखलं की काय करतात, चिडल्या की काय केलं की निवळतात. खाली औषधं आणि फोन नंबर. वेळापत्रक काढून त्या जागी तो कागद लावा, आणि एक प्रत फाइलमध्ये ठेवा. दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर तिथल्या सिस्टरच्या हातात आधी तो द्या. ("पेशंट को-ऑपरेट करत नाही" हा शेरा त्याने एक दिवस तरी पुढे जाईल.)

तुम्ही आणखी एक लिहिलंत: आजींना मासे साफ करायला बसवलंत तेव्हा कॅमेऱ्यात बघून मुलगा ओरडला, "आईला कामाला लावता?" त्याची लाज मला कळते, पण तो चुकतो आहे. रिकामं बसवणं त्यांच्यासाठी शिक्षा आहे. आदाळो (विळी) द्यायचा की नाही हे त्यांच्या हाताच्या थरथरीवरून ठरवा, आणि दिलात तर शेजारी बसा. पाती नको वाटली तर सुके बांगडे उन्हात घालणं, सुकटी निवडणं, मासळीचे वाटे घालणं आहेच. थोडा धोका राहतो, हो. पडवीत चालण्यातही धोका असतो, म्हणून कोणी पाय बांधून ठेवत नाही. बांधत असतील, तर ते त्याहून वाईट.

हेच सगळं घरच्या सुनांना, लेकींना आणि दारी येणाऱ्या आशाताईंनाही लागू आहे. आजींचा रक्तदाब तपासायला येऊन "काय म्हणतात आजी?" असं सुनेला विचारायचं, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. खाली बसा, डोळ्यांना डोळा भिडवा, प्रश्न आजींना विचारा आणि उत्तराला वेळ द्या. तो वेळ आपल्याला वाटतो त्याहून जास्त लागतो.

तुमच्याबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलं नाही, म्हणून मीच विचारते. चारला आजी उठतात म्हणजे तुम्हीही उठता. मग दिवसभर काम, रात्री पुन्हा जाग. सुट्टी कधी? झोपता कधी? घरची मंडळी तुम्हाला नावाने हाक मारतात की "ती बाई"? अर्धवट झोपेवर कोणालाच गोड बोलणं जमत नाही. तिथे स्वभावाचा दोष नसतो. आठवड्याची एक पूर्ण सुट्टी, दुपारचे दोन तास मोकळे, रात्रीच्या कामाचे वेगळे पैसे आणि तुमच्या सुट्टीत येणारी बदली बाई, हे मुलाकडून कागदावर घ्या. फोनवरची आश्वासनं गणपतीपर्यंत टिकत नाहीत. हे मागताना संकोचू नका. आजींना वेळ द्यायचा तर तो तुमच्याकडे असायला हवा.

मुलगा ऐकेलच असं नाही. तेव्हा तुमच्या बाजूने काही गोष्टी ठाम ठेवा: हातपाय बांधणार नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गुंगीची गोळी देणार नाही, बाहेरून कडी लावून जाणार नाही. बाकी आंघोळ किती वाजता, जेवण किती वाजता यावर तडजोड करा, थोडं तुमचं थोडं त्याचं. आजींना मारहाण होते, उपाशी ठेवलं जातं, पैसे काढून घेतले जातात असं कधी दिसलं, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदतवाहिनीवर कळवा. आणि नोकरी सोडायचीच वेळ आली, तर निघायच्या आधी एक दिवस नव्या बाईबरोबर घालवा, तो कागद तिला वाचून दाखवा आणि दुपारची आंघोळ तिच्यासमोर एकदा करून दाखवा.